घळभरणीच्या आधी गावाने काय काय हातात घेऊन ठेवावं?

नाचणीवाला (प्रश्न)

सह्याद्रीच्या माथ्याखालच्या एका खोऱ्यात मातीचं धरण होत आलंय. सांडव्याचं (जादा पाणी वाहून जायच्या वाटेचं) काँक्रीट संपत आलं, दोन्ही अंगांचा बांध उभा राहिला, मधली नदीची घळ तेवढी उघडी आहे. दिवाळीनंतर घळभरणी, म्हणजे ती घळ मातीने बंद करायचं काम, धरणार, असं कामावरचे लोक सांगतात. ३ वाड्या पूर्ण बुडीतात जातात. चौथीची शेती जाते आणि घरं वर राहतात. निम्म्या खातेदारांना नोटिसा आल्यात, निम्म्यांना नाहीत. खाली लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचं पाणी मिळणाऱ्या शिवारात, गावठाण आखलंय, पण तिथे आज दगड रोवलेले, एक पाण्याची टाकी आणि बाभळी एवढंच आहे.

लोकांची स्वप्नं एकसारखी नाहीत. म्हाताऱ्यांना भावकी शेजारीशेजारी हवी आणि ग्रामदैवताला जागा. मधल्या पिढीला पाण्याखाली येणारी एकर-दोन एकर हवी, कारण आजवर वरी-नाचणीवर दिवस काढले. पोरांचा सगळा डोळा सरकारी नोकरीत आरक्षण देणाऱ्या प्रकल्पग्रस्त दाखल्यावर. मुंबईत माथाडीत असलेल्यांना एकच विचारायचंय, यादीत आमचं नाव लागलं का.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तीन गोष्टी सांगा. पाणी नेमकं कधी आणि कुठवर येईल हे कसं ओळखायचं? कागद कोणते आणि कुठल्या क्रमाने गोळा करायचे? आणि पर्यायी जमीन दाखवायला नेतील तेव्हा तिथे काय बघायचं?

सांडवामाथा

पहिल्या प्रश्नावर लिहितो, बाकीचं महसूलवाल्यांनी सांगावं.

"अजून दरवाजे बसले नाहीत, म्हणजे यंदा पाणी अडत नाही," हे वाक्य प्रत्येक धरणावर ऐकू येतं आणि त्यावर विसंबून लोक भाताची रोपं टाकतात. दरवाजे सांडव्याच्या माथ्यावर बसतात. घळ बंद झाली की नदीला दोनच वाटा उरतात, तळाचा विमोचक (पाणी सोडायचं दार) आणि वरचा सांडवा. पावसाळ्यात घाटमाथ्यावरून येणारं पाणी विमोचकाच्या तोंडाच्या कितीतरी पट असतं. ते तुंबून सांडव्याच्या माथ्यापर्यंत चढणारच, दरवाजे असोत वा नसोत. समजा पूर्ण संचय पातळी (धरण पूर्ण भरल्यावरची) ६९० मीटर आहे आणि सांडवा माथा ६८४. मग पहिल्याच पावसाळ्यात ६८४ च्या खालचं सगळं गेलं असं धरा, आणि पूर चालू असताना त्याच्या वरचंही काही.

घळभरणीचा हंगाम ठरलेला असतो. पाऊस ओसरून नदीचा प्रवाह उतरला की पाणी विमोचकातून वळवतात, तळ उपसून पाया खंदक घेतात, गाभ्याला चिकणमाती आणि बाहेरून मुरमाड माती असे थर देत, पाणी मारत, रोलर फिरवत बांध वर आणतात. एकेक थर वीतभरच असतो, घाई करून चालत नाही. पण जूनच्या आत बांध सुरक्षित उंचीवर गेलाच पाहिजे. मातीच्या धरणावरून पाणी गेलं तर ते वाहून जातं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते काम अपुरं असताना पाणी भरल्यामुळेच. म्हणून एकदा घळीत माती पडायला लागली की एप्रिल-मेमध्ये "थांबवा" म्हणून कोणी थांबवू शकत नाही, त्या वेळी अर्धवट थांबवणंच जास्त धोक्याचं असतं. गावाचं जे काही वजन आहे ते घळीत पहिला डंपर रिकामा होण्याच्या आधी. नंतर फक्त विनंत्या.

आता मागवायचे कागद. प्रकल्पाच्या उपविभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं ते असं: बुडीत क्षेत्राचा समपातळी नकाशा, क्षेत्र-क्षमता तक्ता (कुठल्या पातळीला किती क्षेत्र बुडतं आणि किती पाणी मावतं), सांडवा माथा पातळी, पूर्ण संचय पातळी, महत्तम पूर पातळी, आणि घळभरणीच्या वर्षी कुठल्या पातळीपर्यंत साठा करणार त्याचा मंजूर आराखडा. शेवटचा कागद सगळ्यात कामाचा. तो मिळाला की घरनिहाय यादी करता येते.

पातळी जमिनीवर उतरवून घ्या. बुडीत रेषेचे दगड बऱ्याचदा उपटलेले किंवा गुरांनी पाडलेले असतात. ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन एका दिवसात प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर आणि विहिरीच्या काठावर रंगाने पातळी लिहिता येते, फक्त सुरुवात प्रकल्पाच्या बेंचमार्कवरून (पक्क्या उंचीच्या खुणेवरून) करा. मोबाईलच्या जीपीएसची उंची यासाठी वापरू नका, ती काही मीटरनी चुकते आणि इथे भांडण एकेका मीटरचं असतं.

शिवाय फुगवटा. जलाशय कागदावर सपाट असतो, पण अरुंद खोऱ्यात पुराचं पाणी वरून येत असताना शेपटाकडची पातळी भिंतीजवळच्या पातळीपेक्षा उंच राहते. नदीच्या वरच्या टोकाची वाडी संचय पातळीच्या दीड-दोन मीटर वर असेल तर तिच्यासाठी फुगवट्याचं गणित वेगळं मागा. तशीच काठाची घसरण. पाणी वेगाने उतरतं तेव्हा भिजलेला उतार आधाराविना राहतो आणि लाल मातीचे उतार भेगाळतात. चौथ्या वाडीने हे नक्की विचारावं, कारण तिची घरं नेमकी त्याच पट्ट्यात येतील.

फेरफार_वाचक

सांडवामाथा यांनी तारखेचा मुद्दा काढलाच आहे, त्याला कायद्याची जोड देतो. संपादन २०१३ च्या केंद्रीय कायद्याखाली असेल तर कलम ३८ प्रमाणे पाटबंधारे आणि जलविद्युत प्रकल्पात पुनर्वसन जमीन बुडण्याच्या ६ महिने आधी पुरं झालं पाहिजे. पाणी जूनमध्ये चढणार, म्हणजे मागे मोजलं तर डिसेंबर. गावठाणात आज दगड आणि टाकी असेल तर हे गणित जुळत नाही, आणि हेच वाक्य ग्रामसभेच्या ठरावात पातळ्यांसकट घालून जिल्हाधिकाऱ्यांकडे आवक क्रमांक घेऊन द्या. पुनर्वसन पुरं होण्याची जबाबदारी त्याच कलमाने त्यांच्यावर टाकली आहे.

आधी कुठला कायदा लागू आहे ते बघा. नोटिशीच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. १८९४ च्या जुन्या कायद्याखाली निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) झाला असेल तर राज्याचा पुनर्वसन कायदा (१९७६, मग १९८६, आताचा १९९९ चा) हाच आधार. राज्याच्या कायद्यात पर्यायी जमीन हवी असेल तर मोबदल्याची ६५ टक्के रक्कम शासनाकडे जमा ठेवावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांत तसा लेखी अर्ज द्यावा लागतो. सगळ्यात जास्त कुटुंबं इथेच गळतात. पैसे पूर्ण उचलले, घर दुरुस्त केलं, लग्न लावलं, आणि दहा वर्षांनी जमीन मागायला गेले की फाईलवर एकच शेरा असतो: "६५ टक्के भरणा नाही". भरणा केला असेल तर चलन जपा, त्याच्या तीन प्रती करा.

२०१३ च्या कायद्याखाली असेल तर दुसरी अनुसूची वाचा. ज्यांची जमीन जाते त्या कुटुंबाला लाभक्षेत्रात किमान १ एकर. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला गेली तेवढी किंवा अडीच एकर, यातलं जे कमी ते. वर्षभर दरमहा ३,००० रुपये निर्वाह, वाहतुकीला ५०,०००, गोठ्याला किंवा छोट्या दुकानाला किमान २५,०००, एकरकमी पुनर्वसन भत्ता ५०,०००. नोकरी नाही दिली तर ५ लाख एकदम किंवा दरमहा २,००० वीस वर्षं. जलाशयात मासेमारीचा हक्कही त्याच अनुसूचीत आहे, तो कोणी मागतच नाही. राज्याचा कायदा एखाद्या बाबतीत जास्त देत असेल तर तो निवडायची मुभा कलम १०८ ने दिली आहे.

कागदांचा क्रम. जुन्यातून नव्याकडे या.

सातबारा आणि आठ-अ काढून इतर हक्काचा रकाना वाचा. तीन शेरे शोधा. एक, "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे हा शेरा असेल तर बाकी भावांची नावं कागदावर नाहीत, आणि पैसा थोरल्याच्या खात्यावर उतरतो. दोन, खासगी वनाचा शेरा. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याखाली घाटमाथ्यावरच्या कितीतरी वहिवाटीच्या जमिनी वनाच्या नावे लागल्या आहेत, तिथे मोबदला वनखात्याकडे जाऊ शकतो. तीन, पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य धरलेलं क्षेत्र. डोंगरउतारावरची नाचणीची शेतं सर्वेला पोटखराब लागलेली असतात आणि तसाच कमी दर निघतो. वर्ग अ चा पोटखराबा लागवडीखाली आणलेला असेल तर तो लागवडीयोग्य म्हणून नोंदवून घेता येतो. तलाठ्याकडे अर्ज द्या, ई-पीक पाहणीतल्या नोंदी जोडा. निवाडा झाल्यावर याचा उपयोग नाही.

मयत खातेदारांच्या वारसनोंदी आज करा. राज्य कायद्याची अधिसूचना लागली की खरेदी-विक्री आणि वाटणीवर निर्बंध येतात, वारसनोंद मात्र होते. "आता काहीच करता येत नाही" असं तलाठी म्हणाले तर वाटप आणि वारस यांतला फरक दाखवून लेखी उत्तर मागा. बहिणींची नावं लागू द्या. हक्कसोडीच्या घाईत निम्मी भांडणं होतात आणि मोबदला न्यायालयात अडकून पडतो.

याच निर्बंधाचा एक उलटा परिणाम होतो. २०१३ च्या कायद्यात दर आधीच्या ३ वर्षांच्या खरेदीखतांवरून निघतो, त्यातली जास्त किमतीची निम्मी खतं धरून सरासरी. खरेदी-विक्रीच बंद असलेल्या खोऱ्यात खतं कुठून येणार? मग वर्षानुवर्षं जुना दर रेटला जातो. शेजारच्या, निर्बंध नसलेल्या गावांची खतं दुय्यम निबंधकाकडून काढून हरकतीसोबत जोडा. कलम १५ खाली हरकतीला ६० दिवस असतात, पण दरावर बोलायची खरी जागा कलम २१ च्या नोटिशीनंतरची सुनावणी. तिथे तोंडी बोलू नका, कागद द्या आणि पोच घ्या.

संयुक्त मोजणीच्या दिवशी घरातलं कोणीतरी शेतात उभं पाहिजे. भूमी अभिलेख, भूसंपादन आणि प्रकल्प अशी तिन्ही कार्यालयांची माणसं असतात. पत्रकात झाडं मोजून लिहिली का बघा, फणस, आंबा, हिरडा, साग वेगवेगळे. फळझाडांचं मूल्यांकन कृषी खातं करतं, इमारती लाकडाचं वनखातं, घराचं बांधकाम खातं. विहीर, पाईपलाईन, दगडी ताली, गोठा, पडवी, चौथरा यातलं काही सुटलं तर तिथेच "अमुक नोंद नाही" असं लिहून सही करा. कोऱ्या पत्रकावर सही नको.

पैसे उचलताना "हरकत राखून स्वीकारले" हे शब्द पावतीवर पाहिजेतच. नाहीतर कलम ६४ चा वाढीव मोबदल्याचा अर्ज कलम ७७ मुळे बाद होतो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त ६ आठवडे. या मोबदल्यावर कलम ९६ प्रमाणे आयकर नाही. पण मुदतठेवीच्या व्याजावर आहे, बँकेतला माणूस दोन्ही एक करून घाबरवतो.

कोयनाकाठ

वरचं सगळं बरोबर आहे, पण संकलन नोंदवहीबद्दल कोणी लिहिलं नाही. आमच्या भागात "संकलन" म्हणतात तीच. एका खातेदाराचं एक पान: गेलेलं क्षेत्र, कुटुंबातली माणसं, देय जमीन, वाटप जमीन, देय भूखंड, वाटप भूखंड. जमीन, भूखंड, दाखला सगळं या पानावरून निघतं. निवाड्यात नाव आहे पण संकलनात नाही अशी माणसं वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात. जिल्हा पुनर्वसन कार्यालयात जाऊन प्रत्येक घराच्या पानाची नक्कल घ्या. गावाने एकदम अर्ज केला तर उत्तम.

त्या पानावर "कुटुंबातली माणसं" हा रकाना नीट भरून घ्या. २०१३ च्या कायद्यात प्रत्येक सज्ञान माणूस, बाई असो की पुरुष, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब धरला जातो. विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेली बाई यांचंही वेगळं कुटुंब. सर्वेला येणारे कारकून सुनेला सासऱ्याच्या ओळीत आणि विधवा बहिणीला भावाच्या ओळीत टाकून मोकळे होतात. आणि मुंबईकरांचं घर कुलूपबंद दिसलं की "बंद घर" असा शेरा. त्यासाठी सर्वेची तारीख आगाऊ मागून घ्या, त्या दिवशी कुलूप उघडं ठेवा, घरपट्टीच्या पावत्या, मतदार यादीचं पान, रेशनकार्ड एका पिशवीत तयार असू द्या. जमीन नसलेले पण ३ वर्षांपासून त्याच जमिनीवर राबणारे मजूर, कूळ, सुतार, न्हावी हेही बाधित कुटुंबात बसतात. धनगरवाड्यांचं तर हमखास राहून जातं. कसत असलेली वनजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याचा दावा पाणी यायच्या आत दाखल करा. वनहक्क मिळालेला माणूस २०१३ च्या कायद्यात जमीनमालकच धरला जातो. जमीन बुडाल्यावर पुरावा कशाचा दाखवणार?

कोयनेचं उदाहरण याच कारणासाठी डोळ्यासमोर ठेवावं. शंभराच्या आसपास गावं उठली तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, १८९४ चा संपादन कायदा तेवढा होता. लोक सातारा-सांगली-सोलापूरच्या कोरड्या तालुक्यांत गेले, रत्नागिरी-रायगड-ठाण्याकडे गेले, आणि बरेच जण नुसते वर सरकले, पाण्याच्या रेषेच्या वर. वर सरकलेल्यांना तेव्हा शहाणं समजलं गेलं. पुढे ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला, १९८५ ला त्याच काठावर अभयारण्य आलं, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वर राहिलेल्या वाड्यांना रस्त्याचा एक दगड हलवायलाही वनखात्याची परवानगी लागू लागली. बामणोली-तापोळ्याहून कांदाटी खोऱ्यात लाँचने जाणारे लोक हे याच जलाशयाच्या पलीकडचे. ज्यांना जमिनी मिळाल्या त्यांच्यापैकी अनेकांच्या जमिनी वनातून काढायच्याच राहिल्या, म्हणून कसतो माणूस आणि सातबारा वनखात्याचा. तिसरी पिढी यासाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसते.

म्हणून चौथ्या वाडीचं "घरं वर राहतात, बरं झालं" हे मला अजिबात बरं वाटत नाही. शेती गेली, जुना नदीकाठचा रस्ता गेला, वर वनाची हद्द. एकतर वाडी पूर्ण पुनर्वसनात घ्या, नाहीतर बारमाही रस्ता आणि पूल घळभरणीच्या आधी पुरा करा, असा पर्याय लेखी मागा. "नंतर बघू"चा रस्ता होत नसतो.

आता जमीन बघायला जाल तेव्हा. पहिली चौकशी शेतात उभ्या असलेल्या पिकाची. ते कोणाचं आहे? मूळ मालक अजून कसत असेल तर ताबा कागदावरच मिळणार. त्या गटाचा सातबारा आणि फेरफार घेऊन जा. स्लॅबखाली (लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांकडून ठराविक मर्यादेवरची जमीन घेणं) संपादन झालं का, मूळ मालकाचा दावा न्यायालयात आहे का, पैसे त्याला पोचले का, हे तलाठ्याकडून लेखी घ्या. मालकाला मोबदला मिळाला नसेल तर तो तुमचा वैरी होणार, आणि त्याचं चुकतंय असंही नाही.

मग माती. गटात तीन ठिकाणी कंबरेइतका खड्डा घ्या, एक वरच्या अंगाला, एक मध्ये, एक खालच्या. हातभर मातीखाली कातळ लागला तर ती जमीन भाताला नाही आणि उसालाही नाही. काळी चिकण, पाणी साचणारी, वर पांढरे पट्टे दिसणारी असेल तर चोपण (क्षारांनी बिघडलेली) निघायची शक्यता, माती परीक्षण करून घ्या. वरी-नाचणी करणाऱ्या हाताला काळ्या रानाची सवय नसते. वाफसा कधी येतो, नांगर कधी घालायचा, सगळं नव्याने शिकावं लागतं, म्हणून पहिली दोन वर्षं उत्पन्न कमीच धरा. निर्वाह भत्ता एकाच वर्षाचा आहे हे त्यासोबत लक्षात ठेवा.

"लाभक्षेत्रात" म्हणजे पाणी मिळतं असं नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असाल तर आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) तुमच्यापर्यंत पोचायच्या आत संपतं. चारी गटापर्यंत खोदली आहे का, गट चारीच्या खाली आहे की वर, हे उभं राहून बघा. वर असेल तर उपसा लागेल, वीजजोडणी लागेल, बिल लागेल. ताबा घेताना भूमी अभिलेखची मोजणी होऊन क-प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आणि हद्दीचे दगड शेतात, तरच ताबेपावतीवर सही.

नाचणीवाला

खूप उपयोगी. दोन शंका. थेट खरेदीने द्या, पैसे लवकर मिळतील, असं सांगणारे लोक फिरतायत. आणि पोरं म्हणतात जमीन नको, रोख घ्या आणि दाखला घ्या. शिवाय काहींनी धरणाच्या कामावर लावायला कर्जाने ट्रॅक्टर-डंपर घेतलेत.

फेरफार_वाचक

थेट खरेदीत पैसा खरंच लवकर येतो. संमतिपत्राचं शेवटचं पान मात्र वकिलाकडून वाचून घ्या. "याउपर कोणताही हक्क, मागणी राहणार नाही" अशा अर्थाचं वाक्य असेल तर पुनर्वसनाचे हक्क त्यात येतात की फक्त मोबदल्याचे, ते स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय सही नाही. खरेदीखत झालं की कलम ६४ चा वाढीव मोबदलाही मागता येत नाही.

दाखल्याबद्दल पोरांना खरं सांगा. प्रकल्पग्रस्तांना शासकीय नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, नोकरीची हमी नाही. परीक्षा द्यावी लागते, त्या जागेसाठी राज्यभरचे प्रकल्पग्रस्त असतात. दाखला नामनिर्देशित एकाच माणसाला मिळतो, बाकी हिस्सेदारांची संमती लागते, आणि भावकीत सगळ्यात कडू भांडण याच एका कागदावरून होतं. निवाडा, नोटीस, गेलेल्या गटाचा जुना सातबारा, फेरफार, कमी-जास्त पत्रक (मोजणीनंतर क्षेत्रात झालेला बदल दाखवणारं), वंशावळ, शपथपत्र, रहिवासाचा पुरावा एवढं तयार ठेवा. वंशावळीतलं नाव आणि सातबारावरचं नाव एका अक्षराने वेगळं असलं तरी फाईल परत येते. "रामा" आणि "रामचंद्र" एकच, याचं शपथपत्र आधीच करा.

सांडवामाथा

डंपरबद्दल. मातीकामाचा जोर घळभरणीपर्यंत, त्यानंतर दगडी अस्तर, दरवाजे, कालव्याची किरकोळ कामं. मशिनरी एकदम बसून राहते. कर्जाचे हप्ते पाच वर्षांचे आणि काम दोन हंगामांचं असेल तर आत्ताच विकायचा विचार करा. ट्रॅक्टरचं एक वेळ चालेल, तो नव्या शेतात लागेल.

तोरणमाळ_पायथा

सातपुड्याकडून थोडं. सरदार सरोवराच्या फुगवट्यात महाराष्ट्रातली ३३ गावं येतात, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. तिथे १९७९ च्या नर्मदा लवादामुळे जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान २ हेक्टर सिंचनयोग्य जमीन आणि सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब हे तत्त्व आलं. तरी ते अंमलात आणायला लोकांना मणिबेली गावापासून पाण्यात उभं राहावं लागलं. कागदावर हक्क असणं आणि ताबा मिळणं यांत केवढं अंतर असतं ते तिथे दिसतं.

रोखीबद्दल माझं मत कडक आहे. डोंगरातल्या माणसाला जमीन मोफत नसते तरी पाणी, सरपण, चारा, रानभाजी, मासे याला पैसा लागत नव्हता. गावठाणात गेल्यावर पहिल्या आठवड्यापासून सरपण विकत. हा खर्च कुठल्याच निवाड्यात धरलेला नसतो. रोख घेणाऱ्याने आधी वर्षाचा हा हिशेब मांडावा, मग ठरवावं. ज्याच्या घरात दोघं मुंबईला पगारावर आहेत त्याचा हिशेब वेगळा निघेल, हेही मान्य.

वसाहतीची जागा बघताना तिथे आधीपासून कोण कसतंय ते बघा, हा मुद्दा वर आलाय. तळोद्याकडे वनजमीन पुनर्वसनाला दिली तेव्हा त्यावर आधीच दुसरे आदिवासी कसत होते, आणि दोन गरिबांत भांडण लागलं. यजमान गावाशी तीन गोष्टी आधीच बोलून लेखी ठरवा: स्मशान कुठे, गुरं कुठे चरणार, आणि पिण्याचं पाणी एकाच विहिरीचं की वेगळं. स्मशानावरून पहिल्याच मयताला अडवणूक होते. अठरा नागरी सुविधांत स्मशानभूमी आहे, पण शेड बांधून रस्ता न देणं हे नेहमीचं.

टापूचंही मोजा. चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये टेकाड सुटलं तर ती जमीन बुडत नाही म्हणून यादीत येत नाही, आणि तिथे जाता येत नाही म्हणून कसता येत नाही. समपातळी नकाशावर असे तुकडे रंगवून टापूग्रस्त म्हणून वेगळी यादी द्या.

कोयनाकाठ

गावठाणाबद्दल राहिलं होतं. राज्य कायद्यात पाच माणसांपर्यंतच्या शेतकरी कुटुंबाला ३७० चौरस मीटरचा भूखंड, बिगरशेतकऱ्याला १८५. वाटप चिठ्ठ्या टाकून होतं, त्यात भावकी विखुरते. चिठ्ठ्या माणसांच्या न टाकता वाडीच्या टाका, म्हणजे आधी कुठली वाडी कुठल्या गल्लीत ते ठरवा, मग वाडीच्या आत घरांच्या चिठ्ठ्या. अधिकाऱ्यांची सहसा हरकत नसते, पण ठराव आधी द्यावा लागतो. काळ्या मातीत घर बांधणार असाल तर पाया मुरुम लागेपर्यंत खाली न्या, नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात भिंती फाटतात. जुन्या घराचे वासे, दारं, कौलं नेता येतात का हे निवाड्यात बघा, भंगारकिंमत कापून नेऊ देतात. पावसाआधी उतरवा.

गावठाण ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होताना घाई करू नका. टाकी, पंप, पथदिवे चालू स्थितीत आहेत का ते एक उन्हाळाभर बघा. एकदा ताबा घेतला की पंपाचं वीजबिल वसाहतीच्या डोक्यावर, आणि थकलं की पाणी बंद.

देवळाचं मूल्यांकन कोणाच्या नावे होतं ते तपासा. नोंदणीकृत न्यास नसेल तर रक्कम पडून राहते. पंच मंडळींनी ग्रामसभेचा ठराव करून खातं उघडावं, आणि गावठाणाच्या नकाशात देवळाची जागा आत्ताच दाखवून घ्यावी, समाजमंदिरात देव बसवू नका, ते शासकीय वास्तू म्हणून पुढे वाद होतो.

एक शेवटचं, गाळपेर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाची गाळाची जमीन उघडी पडते, ती दरवर्षी भाडेपट्ट्याने कसायला देतात आणि प्रकल्पग्रस्तांना अग्रक्रम असतो. चौथ्या वाडीने उपविभागाकडे दिवाळीच्या सुमारास अर्ज द्यावा, गटाचा जुना नंबर लिहून. कलिंगड, भुईमूग, मूग निघतात. रासायनिक खत आणि विहीर-बांधकामाला परवानगी नसते, आणि पाणी लवकर चढलं तर भरपाई मिळत नाही, हे करारात लिहिलेलं असतं.